आठ मजली अनधिकृत तळघर

पट्टीकाकांचा पाय ऑफिसच्या जिन्यात मोडला, पण त्यात पायाचा काही दोष नव्हता असं त्यांचं ठाम मत होतं. जिन्याची शेवटची पायरी नकाशात दाखवल्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त उंच होती. काका नकाशाप्रमाणे उतरले आणि पायरी जशी होती तशी लागली. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. काका बाहेरच्या खोलीत, प्लास्टर स्टुलावर ठेवून बसले. माणूस एका जागी बसला की चौकशीला लोक येतात आणि लोक आले की सल्लेही येतात, इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

काका नकाशे मंजुरीच्या खात्यात आरेखक होते. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात 'मंजूर करणार' म्हणून मोठ्या साहेबांची लफ्फेदार सही, 'तपासणार' म्हणून छोट्या साहेबांची जरा कमी लफ्फ्याची, आणि अगदी तळाशी 'काढणार' म्हणून काकांची, मुंगी चालून गेल्यासारखी. इमारत चांगली उभी राहिली की मोठे साहेब म्हणत, "आपण केली." भिंत वाकडी आली की म्हणत, "काढली कोणी?" एकतीस वर्षांची नोकरी या दोन वाक्यांत झाली होती. याचं आपल्याला काही वाटत नाही, असं काका सांगत. फार वेळा सांगत.

तिसऱ्या दिवशी काकांनी घरातला एकही कोपरा काटकोनात नाही हे मोजून सिद्ध केलं आणि काकूंना भिंतीवरची तीन चित्रं काढून परत लावायला लावली. तेव्हा मुलीनं त्यांच्या फोनवर एक खेळ घालून दिला.

"हा तुमचा माणूस. हे तळघर. आठ मजले आहेत. सगळ्यात खाली मुकुट आहे. तो उचलला की जिंकलात."

"वेळ किती असतो?"

"वेळ नाहीच, बाबा. तुम्ही एक घर सरकलात की राक्षस एक घर सरकणार. तुम्ही थांबलात की तेही थांबले."

"आणि मी जेवायला गेलो तर?"

"तर तेही जेवायला गेले समजा."

काकांना खेळ तिथेच आवडला. दोन्ही बाजू आपापल्या पाळीनं एकेक पाऊल टाकतात, कोणी घाई करत नाही, कोणी मध्येच घुसत नाही. इतकं शिस्तीचं कामकाज त्यांनी ऑफिसातही पाहिलं नव्हतं.

"आणि मेलो तर?"

"तर सगळं गेलं. तळघरसुद्धा. पुढच्या डावाला भिंती, दारं, जिने, सगळं नवीन."

हे मात्र काकांना पटलं नाही. उभी भिंत कोणाच्याही परवानगीशिवाय हलते म्हणजे काय? पहिल्या दोन दिवसांत ते अकरा वेळा मेले. चार वेळा उंदरानं मारलं, सहा वेळा सांगाड्यानं, आणि एकदा भलत्याच बाटलीतलं पिऊन ते आपणहून गेले. दर वेळी ते मोठ्या कष्टानं पहिला मजला पाठ करत आणि दर वेळी तो मजला जगातून नाहीसा होई. बाराव्या डावाला त्यांनी मुलीला कपाटातून ट्रेसिंग पेपर, पेन आणि पट्टी काढायला सांगितली.

आता कोणी म्हणेल, खेळाचा नकाशा म्हणजे पाठकोऱ्या कागदावर चार रेघा मारल्या की झालं. पण ज्याचा हात एकतीस वर्षं एकाच वळणानं चालला, त्याला चार रेघा नुसत्या मारताच येत नाहीत. काकांनी प्रमाण धरलं, एका घराला एक मीटर. उत्तर दिशेचा बाण काढला. भिंतींची जाडी दाखवली. तीन सांगाडे होते, ते लाल शाईनं दाखवून कडेला 'सांगाडे, तीन नग' अशी खूण दिली. उजव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि 'तळघर, एकूण मजले आठ' असं लिहिलं. चौकटीत 'जागेचा पत्ता' असा एक रकाना होता. रिकामा रकाना काकांना बघवत नाही. त्यांनी तिथे स्वतःच्या इमारतीचा पत्ता लिहिला.

नकाशा काढून उतरायला लागल्यापासून काका मरेनासे झाले. रोज अर्धा मजला, फार तर पाऊण. एकेका पावलाला ते पाच मिनिटं घेत. आणि हे बघायला शेजारी जमू लागले, कारण हालचाल न करणाऱ्या माणसाची चौकशी करायला येणाऱ्यांनाही काहीतरी बघायला लागतंच. तिसऱ्या मजल्यावरचे पीटी मास्तर, निवृत्त झालेले, पण शिट्टी अजून गळ्यात, ते म्हणत, "काका, सरळ भिडा. विचार कसला करताय?" समोरच्या विमेवाल्या बाई म्हणत, "भिडू नका हो. आधी बाटल्या साठवा, मग पुढचं बघा." इमारतीचे सेक्रेटरी दोघांचं ऐकून म्हणत, "माझं मत असं की सर्वानुमते ठरवू."

मजला सर झाला की हे तिघे म्हणत, "उतरलो आपण!" काकांच्या माणसाचा एखादा बदाम गेला, म्हणजे दहातला एक जीव कमी झाला, की म्हणत, "काय केलंत हे तुम्ही?" काका पट्टी उचलून पुढची भिंत आखायला घेत. पण सातव्या मजल्यावर त्यांनी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. मुकुट आपण उचलायचा तो एकट्यानं. कोणाला न विचारता, कोणाच्या मताशिवाय. आयुष्यात एकदा तरी एखादं काम असं व्हावं की त्यावर दुसऱ्या कोणाची सही नसेल. हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काकूंनी त्यावर मत दिलं असतं.

सात मजल्यांचे सात नकाशे पुरे झाले आणि काकांचा माणूस आठव्या मजल्याच्या पहिल्या खोलीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी सकाळी काका फिजिओथेरपीवाल्याकडे गेले होते. मागे ऑफिसचा शिपाई डॉक्टरांचं सर्टिफिकेट न्यायला आला. काकूंनी टेबलावरचं सर्टिफिकेट दिलं. त्याच्याखाली एक खाकी पाकीट होतं, त्यावर काकांच्या अक्षरात ऑफिसातल्यासारखंच 'नकाशे, सात प्रती' असं लिहिलेलं होतं. ऑफिसचंच असणार म्हणून काकूंनी तेही दिलं. शिपायानं सही करून नेलं. सगळं अगदी रीतसर झालं, आणि हीच मोठी पंचाईत होती.

आठ दिवसांनी इमारतीला नोटीस आली. सेक्रेटरी ती दोन्ही हातांत धरून, वाचत वाचतच आत शिरले.

"'आपल्या इमारतीखाली आठ मजली तळघर असल्याचे प्राप्त नकाशांवरून दिसून येते. सदर तळघरास मंजुरी नाही. तसेच तळघरातील सांगाडे, तीन नग, कोणाचे आहेत याचाही खुलासा करावा.' काका, आपल्या इमारतीला साधी गच्चीवर टाकी बांधू दिली नाही हो यांनी. आणि तुम्ही आठ मजले खाली गेलात?"

काकांनी मोठ्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला पटतंय हो," साहेब म्हणाले. "पण आवक क्रमांक पडलाय. क्रमांक पडल्यावर पाहणी झाल्याशिवाय कागद निकाली निघत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का?"

"पण साहेब, ते तळघर फोनमध्ये आहे."

"मग पाहणी अधिकारी फोनमध्ये पाहतील. गुरुवारी तीन वाजता पाठवतो. आणि एक करा, तोपर्यंत जागेवर काही बदल होऊ देऊ नका. नकाशा आणि जागा जुळली नाही, तर तुम्ही खात्यात खोटे नकाशे दिलेत असं होईल. ट्रेसिंग पेपर खात्याचाच वापरला होता का?"

काकांनी खाकरून फोन ठेवला.

म्हणजे प्रकरण असं झालं. गुरुवारपर्यंत काकांच्या माणसानं जिवंत राहायला हवं होतं. तो मेला तर तळघर नाहीसं होणार, सात नकाशे जगातल्या कुठल्याच जागेशी जुळणार नाहीत, आणि एकतीस वर्षं बिनडाग नोकरी केलेल्या माणसाची चौकशी लागणार. उपाय तसा सोपा होता. खेळायचंच नाही. फोन चार्जरला लावून कपाटावर ठेवायचा आणि कोणी हात लावायचा नाही, असा ठराव सेक्रेटरींनी तिथल्या तिथे सर्वानुमते करून घेतला.

मंगळवारी पीटी मास्तर फोन ठीक आहे ना ते बघायला आले. सांगाड्याला कसं हाणायला हवं होतं हे काकूंना दाखवताना त्यांचं बोट चार वेळा स्क्रीनवर लागलं आणि काकांचे दोन बदाम गेले. "मी फक्त उभं राहायची पद्धत दाखवत होतो," ते म्हणाले. बुधवारी ही बातमी ऐकून विमेवाल्या बाई धावत आल्या. जोखीम कमी करायला हवी म्हणून त्यांनी काकांच्या माणसाला जवळची एकुलती एक बाटली पाजली. बाटलीत काय आहे हे खेळात पिईपर्यंत कळत नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. काकांच्या माणसाची कातडी दगडाची झाली आणि बदामही दहाचे दहा झाले. "बघा! आता याला काही होत नाही," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. काका खुर्चीत बसून हे बघत होते. प्लास्टरमुळे त्यांना उठून फोन हिसकावताही येत नव्हता. आपल्याच तळघरात आपल्याला कोणी विचारत नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

गुरुवारी बरोबर तीन वाजता पाहणी अधिकारी आले. सडपातळ, बगलेत फाइल, खिशात मोजपट्टी. त्यांनी आधी जिन्याखाली डोकावून पाहिलं, तिथे दोन सायकली आणि एक कुंडी असल्याची नोंद केली, आणि मग वर येऊन फोन हातात घेतला.

"पहिल्या मजल्यापासून दाखवा."

काकांनी माणसाला आठव्या मजल्यावरून जिने चढवत पहिल्यावर नेलं. अधिकारी एका हातात नकाशा धरून घरं मोजत होते. नऊ घरं, नऊ मीटर. दार पूर्वेला, जागेवर पूर्वेला. सांगाडे तीन, पैकी दोन पडलेले. पाऊण तास खोलीत कोणी जोरात श्वास घेतला नाही. सातव्या मजल्याची शेवटची भिंत मोजून झाली, तेव्हा अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"माझ्या नोकरीत इतका बिनचूक नकाशा मी पाहिलेला नाही. एक घर इकडचं तिकडे नाही."

काकांचा चेहरा उजळला. सेक्रेटरींनी हुश्श केलं. काकू चहाचं बघायला उठल्या.

"म्हणजे," अधिकारी फॉर्म उघडून म्हणाले, "तळघर आहे."

"साहेब, फोनमध्ये आहे," मुलगी म्हणाली.

"कुठे आहे असा रकाना नाही. आहे का, एवढंच विचारलंय. जागेवर आहे, नकाशाशी जुळतं, मंजुरी नाही. म्हणजे अनधिकृत. नकाशा थोडा चुकला असता तर मला 'जुळत नाही' म्हणून परत पाठवता आला असता. आता ते नष्ट करावं लागेल. माझ्यासमोर, साडेपाचच्या आत. नाहीतर इमारतीवर कारवाई."

"पुसून टाकते ना मी सगळा खेळ."

"तो पुरावा पुसल्यासारखा होईल. मला 'नष्ट होताना पाहिले' असं लिहायचंय. ते एरवी नष्ट होतं कशानं?"

मुलीनं मान खाली घातली. "बाबा मेले की."

खोलीतल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. तीन दिवस ज्यांनी काकांना जिवंत ठेवण्यासाठी जिवाचं रान केलं होतं, त्यांच्याच डोळ्यांत आता अतिशय नम्र अशी विनंती होती.

"काका," सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "इमारतीसाठी."

"आमच्या सांगण्यावरून नको," विमेवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला मनापासून वाटत असेल तरच."

"सरळ भिडा," पीटी मास्तर म्हणाले.

काकू आतून म्हणाल्या, "अहो, चहाला उकळी येतेय. तोवर मरून घ्या ना एकदाचे!"

काकांनी फोन हातात घेतला आणि माणसाला परत आठव्या मजल्यावर उतरवलं. मुकुट याच मजल्यावर होता, एका बंद दारापलीकडे. दाराच्या फटीतून त्याचा पिवळा ठिपका दिसत होता. तीन आठवडे, एकेका पावलाला पाच मिनिटं. पण समोर इमारत होती, नोकरी होती, आणि उकळी आलेला चहा होता. काका उंदरासमोर जाऊन उभे राहिले.

उंदरानं चावलं. काही झालं नाही. पुन्हा चावलं. दगडी कातडी आणि पूर्ण दहा बदाम! उंदीर दमला, काका उभेच. मग सांगाड्याकडे नेलं. सांगाड्याची तलवार मोडली. साडेचार झाले. अधिकारी घड्याळाकडे बघू लागले आणि सगळे विमेवाल्या बाईंकडे.

"मी चांगल्यासाठीच पाजलं होतं," त्या म्हणाल्या.

"ते दार उघडा," पीटी मास्तर म्हणाले. "मोठा आत असणार."

काकांनी दार उघडलं. मोठा आतच होता. दोन घरं रुंद, सगळ्या अंगानं जळणारा. त्याच्या एका तडाख्यात तीन बदाम गेले. दगडी कातडीला तडे गेले. खोलीत समाधानाची कुजबुज झाली. दुसऱ्या तडाख्यात आणखी तीन. तिसऱ्यात आणखी तीन. एक बदाम उरला. चहा कपांत ओतला गेला. अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं.

"आता एकच पाऊल पुढे, काका," सेक्रेटरी हळुवारपणे म्हणाले.

काका स्क्रीनकडे बघत होते. आता त्यांची पाळी होती, आणि ते सरकेपर्यंत कोणीही सरकणार नव्हतं. त्यांनी खोलीकडे राक्षसाची खोली म्हणून न बघता नुसती खोली म्हणून पाहिलं. सात बाय नऊ. मुकुट ईशान्येच्या कोपऱ्यात. मध्ये एक खांब. खांब आणि भिंत यांच्यामध्ये वाट, एक घर रुंद. राक्षस दोन घरं रुंद. काकांनी मनातल्या मनात ते परत मोजलं. राक्षसाला खांबाला वळसा घालायला पाच पावलं लागणार होती. त्यांना मुकुटापर्यंत चार.

त्यांनी माणसाला उजवीकडे वळवलं.

"अहो, तिकडे कुठे? तो समोर आहे!" पीटी मास्तर ओरडले.

"काका, इमारत!" सेक्रेटरी म्हणाले.

"परत वळवा, परत वळवा," विमेवाल्या बाई म्हणाल्या.

"गप्प बसा सगळे!" काका म्हणाले. एकतीस वर्षांत इतक्या जोरात ते कोणाशी बोलले नव्हते. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

एक पाऊल. राक्षस एक पाऊल. दुसरं. राक्षस खांबाशी येऊन अडला. तिसरं. तो वळसा घालून यायला लागला, त्याच्या ज्वाळा काकांच्या माणसाच्या पाठीला लागतील इतक्या जवळ आल्या. चौथं. त्यांनी मुकुट उचलला.

स्क्रीन पांढरी झाली. तळघर, राक्षस, भिंती, आठही मजले, सगळं विरून गेलं. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, की डाव मरण्यानं संपतो तसा जिंकण्यानंही संपतो.

"नष्ट झालं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"झालं," मुलगी म्हणाली. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी लिहिलं. "पुढचा रकाना. कोणाकडून नष्ट? पर्याय आहेत. ठेकेदारामार्फत, संस्थेमार्फत, किंवा एकट्याने."

"संस्थेमार्फत लिहा," सेक्रेटरी लगेच म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून केलं. ठराव आहे तसा."

"बाटली नसती तर दारापर्यंतही पोचलो नसतो आपण," विमेवाल्या बाई म्हणाल्या.

"दार मी उघडायला सांगितलं," पीटी मास्तर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांचा आवाज अगदी शांत होता.

"एकट्याने," ते म्हणाले. "खूण करा."

अधिकाऱ्यांनी खूण केली. सगळ्यांनी चहा घेतला, नोटीस निकाली निघाली म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं, आणि काकांचं सोडून सगळ्यांचं झाल्यावर मंडळी पांगली.

पुढच्या आठवड्यात काकांच्या नावानं ऑफिसचं पत्र आलं. चष्मा हाताशी नव्हता म्हणून त्यांनी ते काकूंना मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"'आपण वैद्यकीय रजेवर असताना, पायास प्लास्टर असूनही, आठ मजली तळघर एकट्याने, एका दुपारी, समूळ नष्ट केल्याचे पाहणी अहवालावरून दिसून येते. इतके काम करू शकणाऱ्या कर्मचाऱ्यास रजेची आवश्यकता दिसत नाही. सबब उर्वरित रजा नामंजूर. सोमवारी कामावर हजर राहावे.'" काकूंनी पत्र खाली आपटलं. "काही लाजबीज आहे की नाही या लोकांना? अजून नीट पाय टेकवता येत नाही तुम्हाला! खाली तिघांच्या सह्या आहेत, एकालाही वाचून कळलं नाही? मी लावते फोन त्या साहेबांना."

काका स्टुलावरच्या पायाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"फोन नंतर लाव," ते म्हणाले. "आधी ते पहिलं वाक्य परत वाच. हळू वाच."